काळ्या वस्तूंचं रजिस्टर

गेट नंबर तीन, गोल्फ क्लब मैदान.
सकाळी सहाला हजेरी, होमगार्डचा भत्ता दिवसावर,
चहा आपापला.
इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, काळं काही आत जाता कामा नये.
मागच्या महिन्यात ओझरला म्हणे कुणीतरी
ताफ्यासमोर रुमाल हलवला,
एकच रुमाल, तोही घाम पुसायचा,
पण रात्री दोनला वरून फोन आला होता.

मला दिलं दोनशे पानी रजिस्टर
आणि आकडे घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे.
वस्तू, नाव, टोकन, सही.
शेवटचा रकाना शेरा.

नऊपर्यंत टेबलाखाली ढीग झाला.
ओढण्या, मास्क, कुणाचा तरी शाळेचा टाय.
एका पोराने बूट काढून मोजे दिले
आणि वासाबद्दल माफी मागितली.
एकीच्या कडेवरच्या बाळाला गालावर तीट होती.
मी पाहिलं. तिनेही पाहिलं मी पाहिलेलं.
मंगळसूत्राचं मात्र विचारावं लागलं,
साहेब, मणी काळे असतात.
साहेब बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, वाट्या दिसतायत ना? जाऊ दे.

निकुंभ मास्तर छत्री घेऊन आले.
बाई, अकराला ऊन डोक्यावर येईल.
म्हटलं, नियम आहे.
अहो, या गावचा देवच काळा,
त्याला कितवं टोकन देणार?
रांग हसली. मीही हसायला हवं होतं.

मला पणजोबा आठवले.
त्या देवळाच्या दारात सत्याग्रहाला बसलेले.
दगड लागून वाकडा झालेला त्यांचा खांदा
बापाने लहानपणी पाहिलेला,
मला नक्कल करून दाखवायचा.
दाराच्या आतल्या अंगाला तेव्हा कोण उभं होतं
ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.
त्यालाही भत्ता दिवसावर असेल.

चौतीस, मी लिहिलं. छत्री एक. मूठ तुटकी.

पस्तीस, गांगुर्डे बाई, अंगणवाडी सेविका, दिंडोरी.
ओढणी देताना दोन्ही हात छातीशी घेतले त्यांनी.
मी रजिस्टरात डोकं घातलं.

मंत्री आले साडेबाराला.
भाषण रंगात आलं, टाळ्या झाल्या,
आणि मधल्या रांगेत गांगुर्डे बाई उभ्या राहिल्या.
बस्स, उभ्या राहिल्या.
घोषणा नाही, कागद नाही, वळलेली मूठसुद्धा नाही.
मागचे म्हणाले, बसा की, दिसत नाही.
त्या उभ्याच.
माइकवरचं वाक्य अडखळलं,
पुन्हा निघालं, पुन्हा तिथेच येऊन अडखळलं.
मग चौघी जणी गेल्या, दंडाला धरून घेऊन आल्या.
इन्स्पेक्टर माझ्यावर ओरडले, हिला तू सोडलीस?
साहेब, म्हटलं, काळं काहीच नव्हतं त्यांच्याकडे.
केससुद्धा पिकलेत.

सभा सुटली. पुठ्ठे परत आले, घामाने मऊ झालेले.
मास्तरांचं कपाळ उन्हाने लाल.
छत्री घेतली, उघडली नाही.
त्या बाईंना कुठे नेलं हो?
माहीत नाही, म्हटलं.
माहीत होतं.

संध्याकाळी टेबलाखाली एकच ओढणी उरली.
ती घेऊन सरकारवाडा पोलीस स्टेशनला गेले.
बाकावर बसल्या होत्या, हात तसेच छातीशी.
हवालदार अजून कलम शोधत होता.
मला बघून त्यांनी आधी टोकन पुढे केलं,
मग ओढणी घेतली, दोन्ही खांद्यांवर नीट बसवली,
आणि विचारलं, सही कुठे करू?

पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.
मग बोट पुढच्या रकान्यावर ठेवलं.
इथे काय लिहायचं?
म्हटलं, ते आम्ही लिहितो.

रजिस्टर उद्या जमा करायचंय.
रात्रीचे अकरा, फुलेनगर, पोरं झोपलीत,
पस्तीस नंबरपुढे शेरा कोराच.
पेन काळ्या शाईचं आहे.
दिवसभर तेच वापरलं मी गेटवर,
सगळ्यांच्या देखत.